जानेवारीत परतायचं का फेब्रुवारीत? (डेप्युटेशन, टॅक्स, पीएफ)

प्रेषक: औसेकर (सध्या श्टुटगार्टजवळ)
तारीख: १४ डिसेंबर २०२५

मंडळाच्या मेल लिस्टवरच्या सगळ्या काका, दादा, ताईंना नमस्कार,

दिवाळीच्या कार्यक्रमात भेट झालेल्यांना आठवत असेल, मी औशाचा, वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टूलरूमला आहे. कंपनीनं मला २० ऑक्टोबर २०२४ ला १५ महिन्यांसाठी इथल्या प्लँटवर पाठवलं आणि परतीचं तिकीट २० जानेवारीचं काढलंय. सगळं व्यवस्थित चालू होतं, पण चार दिवसांमागं इन्कम टॅक्सचा मेसेज आला की तुमच्या नावावर परदेशात खातं दिसतंय, रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही, ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारा. तेव्हापासून झोप नाही बगा. रिटर्न मी सप्टेंबरमध्ये भरलं होतं, फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार-टॅक्सच्या दाखल्यात) होतं तेवढंच टाकलं, कारण रूममधला लातूरचा पोरगा म्हणाला सहा महिन्यांच्यावर बाहेर राहिलास की एनआरआय झालास, तिकडं काही दाखवायचं नसतं.

पाठवताना कंपनीनं दिलेल्या लेटरमध्ये लिहिलंय की नेट ३,३५० युरो हातात आणि जर्मनीतला टॅक्स कंपनी भरेल. स्लिपवर ४,००० ग्रॉस आणि टॅक्स ६५० च्या आसपास दिसतो, आरोग्य विमा कंपनीनं वेगळा काढून दिलाय. वाळूजचा पगार बंद आहे, सगळा इथल्याच खात्यात पडतो. पीएफ मात्र तिकडं चालू ठेवलाय, महिन्याला माझे १,८०० आणि कंपनीचे तेवढेच. एचआरला विचारलं तर म्हणे तुमचा पर्सनल टॅक्स तुम्ही बघा.

वडिलांना काही सांगितलं नाही, सोयाबीनच्या भावानं ते आधीच टेन्शनमध्ये आहेत. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

—

प्रेषक: परभणीकर काका (फ्रांकफुर्ट)
तारीख: १५ डिसेंबर २०२५

बाळा, आधी शांत हो. दंड बसत नाही तुला. २८ नोव्हेंबरपासून खात्यानं असे मेसेज पाठवायला सुरुवात केलीय, खूप जणांना आलेत, खातं उघडताना तू पॅन नंबर दिला असशील तर ती माहिती इथून तिकडं आपोआप जाते. काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे हे खरं, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून परदेशातली सगळी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही. तरीपण खातं दाखवायचंच.

मी अठरा वर्षं हेच काम करतो, कंपन्यांनी बाहेर पाठवलेल्या माणसांचं पेरोल, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

रूममधल्या पोरानं सांगितलं ते अर्धवट आहे. भारतात वर्ष एप्रिल ते मार्च धरतात आणि त्यात तू भारतात किती दिवस होतास ते मोजतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांची मर्यादा आहे. तू १ एप्रिल ते १९ ऑक्टोबर २०२४ तिथंच होतास, म्हणजे २०२ दिवस. त्या वर्षापुरता तू पक्का रेसिडेंट (टॅक्ससाठी भारताचा रहिवासी) आणि रेसिडेंटचं जगभरातलं उत्पन्न भारतात मोजलं जातं, मग ऑक्टोबर ते मार्चचा इथला पगारपण त्यातच आला. २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसला असतास तर गोष्ट वेगळी झाली असती, पण कंपनीनं तारीख काढताना हे कुणी बघितलंच नाही. आता ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भर, त्यात पगार दाखव, शेड्यूल एफए मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, खातं टाक (त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, तिथं गडबड करू नको) आणि इथं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट (तिकडच्या टॅक्समधून तेवढी वजावट) मागायला फॉर्म ६७ भर. फॉर्म ६७ विसरलास तर एकाच पगारावर दोनदा टॅक्स भरशील. थोडंफार व्याजासकट तिकडं भरावं लागेल, ते मात्र चुकणार नाही.

आता खरा मुद्दा, तुझं २० जानेवारीचं तिकीट.

यंदाच्या वर्षात परत येताना १८२ ची सवलत नाही. कायमचा परत येणाऱ्याला ६० दिवसांचा नियम लागतो, म्हणजे त्या वर्षात भारतात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले की रेसिडेंट. २० जानेवारीला उतरलास तर ३१ मार्चपर्यंत ७१ दिवस होतात. ३१ जानेवारीला उतरलास तरी बरोबर ६०. १ फेब्रुवारीला उतरलास तर ५९. एका रात्रीचा फरक आहे! मधे गावाकडं चक्कर मारली असशील तर तेपण दिवस यात धरायचे, ते आधी पासपोर्टवरचे शिक्के बघून मोज.

आता म्हणशील इथं टॅक्स भरलाय, तिकडं क्रेडिट मिळतंय, मग काय फरक पडतो? ढोबळ हिशोब करून बघ. युरो १०० रुपये धरला, खरं तर जास्तच आहे, तरी दहा महिन्यांचे ४० लाख होतात. भारतात नव्या कर पद्धतीनं ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) जाऊन सेससकट पावणेआठ लाखांच्या वर टॅक्स येतो. इथं तू दहा महिन्यांत भरलास साधारण साडेसहा लाख. क्रेडिट तेवढ्याचंच मिळणार, वरचे सव्वा लाखाच्या पुढचे पैसे तिकडं भरायचे. आणि तुझ्या लेटरमध्ये 'जर्मनीतला टॅक्स कंपनी भरेल' एवढंच आहे. भारतातल्या जादा टॅक्सबद्दल एक ओळ नाही, म्हणजे ते पैसे तुझ्या खिशातून जाणार, तेपण कंपनीच्या कामासाठी कंपनीनं ठरवलेल्या तारखेला परतलास म्हणून. दोन्ही देश 'हा आमचाच' म्हणाले तर त्यांच्यातल्या टॅक्सच्या करारात घर कुठं, माणसं कुठं ते बघतात, आणि तुझं घरदार औशाला म्हटल्यावर पारडं तिकडंच झुकायची शक्यता जास्त. तुझा पगार थेट इथल्या खात्यात पडतो हे एक बरं झालं, पहिल्यांदा भारतातल्या खात्यात पडला असता तर एनआरआय असूनही 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून वेगळा वाद सुरू झाला असता.

आणि १८३ दिवसांचं जे सगळे बोलतात, की तेवढे दिवस व्हायच्या आत परत गेलं तर इथं टॅक्सच नाही, त्यावर विसंबू नका. दिवस कमी हवेत, पगार इथल्या कंपनीनं दिलेला नको आणि त्याचा बोजा इथल्या शाखेवर पडलेला नको, या तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच ती सूट. तिकडच्या कंपनीनं पगाराचं बिल इथल्या कंपनीला लावलं की पहिल्या दिवसापासून जर्मनी टॅक्स मागू शकते.

आता पीएफ, कारण याच्याबद्दल कुणी बोलतच नाही आणि मला याचाच जास्त राग येतो. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. ईपीएफओकडून (पीएफचं सरकारी ऑफिस) कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे तिकडं पीएफ चालू असल्याचा दाखला, आणला की पाठवलेल्या माणसाला ४८ महिन्यांपर्यंत इथली पेन्शन आणि बेकारी विम्याची वर्गणी माफ. करार वाईट नाही, थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाचे पैसे इथं अडकत नाहीत. अमेरिकेशी असा करार नाही म्हणून तिकडं आपली पोरं वर्षानुवर्षं सोशल सिक्युरिटी भरतात आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरायच्या आत परत येतात. पण वाचलेले पैसे गेले कुणाकडं? पेन्शनची वर्गणी १८.६ टक्के, अर्धी तुझी अर्धी मालकाची. ४,००० वर ९.३ टक्के म्हणजे ३७२ युरो, बेकारी विम्याचे १.३ टक्के म्हणजे ५२, मिळून ४२४. तेवढेच मालकाचे. तुझा पगार 'नेट' ठरलाय म्हणून तुझ्या वाट्याचे ४२४ पण तुला मिळत नाहीत, ते कंपनीकडंच राहतात. पंधरा महिन्यांचे दोन्ही मिळून १२,७२० युरो. त्याबदल्यात तुझ्या म्हातारपणासाठी तिकडं महिन्याला ३,६०० रुपये पडतात, पीएफसाठी धरायच्या पगाराच्या १५,००० च्या मर्यादेवर दोघांचे १२-१२ टक्के. म्हणजे ३६ युरो. जर्मनीत पोटाला ४,००० चा माणूस आणि पीएफला १५,००० रुपयांचा माणूस, असं कसं चालेल? बाहेर असेपर्यंत पीएफ खऱ्या पगारावर धरा असं सही करायच्या आधी म्हणता येतं. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

एचआरला आजच मेल टाक, फोन नको. मेल राहतो.

—

प्रेषक: नांदेडची ताई (म्युनिक)
तारीख: १५ डिसेंबर २०२५

काकांनी सगळं सांगितलंच आहे, माझं एक ऐक भाऊ. यांना २०२२ मध्ये असंच पाठवलं होतं आणि पहिलं वर्ष मी मुलाच्या शाळेमुळं नांदेडलाच राहिले. बायको भारतात म्हणजे टॅक्स क्लास १ (एकट्या माणसाचा गट), लग्न झालेल्याचा क्लास ३ मिळत नाही, नवरा-बायकोचं एकत्र रिटर्नपण भरता येत नाही. हे आम्हाला मी इथं आल्यावर कळलं.

पण त्याहून मोठा घोळ रिफंडचा झाला. वर्षाच्या मधून काम सुरू केलं की दर महिन्याला टॅक्स पूर्ण वर्षाच्या हिशोबानं कापतात, मग रिटर्न भरल्यावर परत येतो (भारतातल्या आधीच्या पगारावर इथं टॅक्स नाही, पण दर ठरवताना तो धरतात, त्यामुळं वाटतं तेवढा येत नाही). आमचे २,३०० युरो आले. थेट यांच्या खात्यात. आम्हाला वाटलं आपलेच, सासरे कधीपासून बोअर घ्यायचं म्हणत होते, पाठवून दिले. साडेपाचशे फुटाला पाणी लागलं, सासूबाईंनी मोटारीची पूजा करताना व्हिडिओ कॉल केला, पाण्याच्या पहिल्या धारेत मुलगा नाचत होता. पाच महिन्यांनी कंपनीचा मेल, टॅक्स आम्ही भरला होता म्हणून रिफंड आमचा, लेटरचं कलम बघा. बघितलं तर होतं, सातव्या पानावर. तीन हप्त्यांत पगारातून कापून घेतले आणि त्या तीन महिन्यांत आम्ही भाडं कसं भरलं ते आमचं आम्हाला माहीत. कलमाप्रमाणं त्यांचं बरोबरच होतं, पण पाठवताना एकदा सांगायला काय जात होतं?

तुझा रिफंड आला तर हात लावू नको आधी.

—

प्रेषक: वाळूजकर (परत आलोय, छत्रपती संभाजीनगर)
तारीख: १६ डिसेंबर २०२५

मी तीन वर्षांमागं तिकडून परत आलो पण लिस्टवर अजून आहे. मला आल्यानंतरचं सांगायचंय.

रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हेत २०२३-२४ ला परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्र पहिला निघाला, २०.५ टक्के, केरळपेक्षाही पुढं. ते खरंच आहे, माझ्याच पैशातून गावात घराचा स्लॅब पडला, गवंडी, सेंट्रिंगवाला, वाळूवाला सगळ्यांना काम मिळालं. पण माणूस परत आला की काय होतं? आम्हाला सहा जणांना पाठवलं होतं, फाइव्ह ॲक्सिस मशीनवर डाय शिकायला. आल्यावर जुनाच पगार, ३८ हजार. शिकलेलं सगळं डोक्यात, पण मशीन इथं आलंच नाही, ते पुढच्या बजेटमध्ये गेलं. वरून दोन वर्षांचा बाँड, सोडलं तर तीन लाख भरा. बाँड संपला तसे चौघं चाकणला गेले. कंपनीनं लाखो रुपये खर्चून पोरं शिकवली आणि फायदा झाला पुण्याला. मराठवाड्यात कारखाने कमी नाहीत, शिकलेला माणूस टिकवायचा खर्च करायला कुणी तयार नाही.

माझे वडील बीडकडचे, त्यांनी बारा वर्षं ऊस तोडला. मुकादमाची उचल घेतली की ती फिटेपर्यंत सुटका नसायची. बाँडवर सही करताना मला तेच आठवलं, आणि मी सही केली, कारण घरात दुसरं काही नव्हतं.

उलट तिकडून इंजिनिअर शेंद्र्याला, वाळूजला येतात तेव्हा बघा. सुप्रीम कोर्टानं १९ मे २०२२ ला सांगितलं की परदेशी ग्रुप कंपनीनं माणूस पाठवला आणि त्याचा पगार इथल्या कंपनीनं परत केला तर ती मनुष्यबळ पुरवायची सेवा झाली. तेव्हापासून अकाउंट्सवाले त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचा हिशोब आधी मांडतात, त्याच्या टॅक्सचा, घराचा, पोरांच्या शाळेचा आधी मांडतात, सगळं लेटरमध्ये येतं. मग आपल्या पोराच्या भारतातल्या लाख-सव्वा लाखाचं बजेट कामून नसतं? कारण तो मागत नाही. म्हणून भाऊ, माग. आणि आल्यानंतरचा पगार किती ते पण आत्ताच लिहून घे, तिथं आहेस तोवर तुझ्या शब्दाला किंमत आहे.

—

प्रेषक: औसेकर
तारीख: १८ डिसेंबर २०२५

काका, ताई, दादा, तुमचे मेल प्रिंट काढून घेतले.

काकांनी सांगितल्यासारखा मेल टाकला, ७१ आणि ५९ चा हिशोब मांडून. आधी एचआरनं नाहीच म्हटलं, की तारीख मॅनेजमेंटनं ठरवलीय. मग इथल्या प्लँटच्या मॅनेजरशी बोललो, माझी ११ दिवसांची सुट्टी शिल्लक आहे आणि इथं राहायच्या परवान्याचं कार्ड १५ फेब्रुवारीपर्यंत चालतं, सुट्टी इथंच काढतो म्हटलं. त्यांनी हो म्हणून वाळूजला कळवलं. आता तिकीट २ फेब्रुवारीचं झालंय, म्हणजे ५८ दिवस. मधे गावाकडं आलो नव्हतो, जुलैमध्ये आजी गेली तेव्हापण येता आलं नाही, त्यामुळं मोजायला दुसरं काही नाही.

फक्त २५ जानेवारीला बहिणीचा साखरपुडा आहे, तो हुकणार. तिला सांगितलं तर रडली, मग म्हणाली, ये दादा निवांत, लग्न मे मध्ये आहे.

भारतातल्या टॅक्सच्या ओळीचं विचारलं तर म्हणे पुढच्या बॅचच्या लेटरमध्ये घालू, तुमचं झालं. पीएफबद्दल उत्तरच नाही. परत टाकलाय मेल. परत आल्यावरच्या पगाराचंही त्यातच विचारलंय.

सुधारित रिटर्न भरायलोय, पण शेड्यूल एफए मध्ये वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक मागतात, ती युरोचा कोणत्या दिवसाचा भाव धरून रुपयात काढायची ते कळंना. काका, शनिवारी रात्री आठनंतर फोन करू का?