वडिलांच्या मायट्रल झडपेची गळती: शस्त्रक्रिया करावी की क्लिप बसवावी?

देवगडची_कलमे:
माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि आमची हापूसची बाग आजही तेच पाहतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी झालेल्या तपासणीत डॉक्टरांना हृदयाचा आवाज वेगळा वाटला, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला. अहवालात मायट्रल झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) तीव्र गळती, मागच्या पाकळीला धरून ठेवणारी दोरी तुटलेली, ईएफ (डावा खालचा कप्पा दर ठोक्याला त्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण) ५८ टक्के आणि डाव्या खालच्या कप्प्याचा आकुंचनानंतरचा व्यास ४२ मिलिमीटर, असे लिहिले आहे. कोल्हापूरच्या शल्यविशारदांनी छाती उघडून झडप दुरुस्त करण्याचा सल्ला दिला, तर मुंबईचा मामेभाऊ म्हणतो की हल्ली जांघेतून झडपेच्या पाकळ्या जोडणारी क्लिप बसवतात आणि माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो. बाबा मात्र ‘माका कसलोच त्रास नाय’ म्हणतात. मोहोर आला आहे, तेव्हा जे काही करायचे ते हंगाम संपल्यावर करू, असा त्यांचा हट्ट आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रत्नागिरीचा_भूलतज्ज्ञ:
हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. तुम्ही विचारले आहे पद्धतीबद्दल, पण मला वेळेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

५८ टक्के हा आकडा निरोगी माणसाच्या अहवालात असता, तर त्याकडे कोणी पाहिलेही नसते. गळती तीव्र असते तेव्हा मात्र डाव्या कप्प्यातले रक्त दोन वाटांनी बाहेर पडते: पुढे महाधमनीत, जिथे दाब जास्त असतो, आणि मागे वरच्या कप्प्यात, जिथे दाब फारच कमी असतो. मागची वाट इतकी सोपी असल्यामुळे ईएफ फुगून दिसतो, आणि म्हणूनच अशा रुग्णाचा ईएफ ६० टक्क्यांवर किंवा त्याखाली आला, किंवा तो व्यास ४० मिलिमीटरपर्यंत पोचला, की स्नायू थकू लागला असे मानतात आणि काहीही त्रास नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात. बाबांनी या दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत. धाप लागेपर्यंत थांबलात तर झडप नंतरही दुरुस्त होईल, पण स्नायू पूर्ववत होईलच असे नाही.

आता पद्धतीकडे वळतो. खाजणाच्या बांधातली उघाडी तुम्ही पाहिली असेल. ओहोटीला ती आतले पाणी सोडते आणि भरती आली की मिटते. ती गळू लागते तेव्हा एक तर फळीच मोडलेली असते, नाही तर फळी धड असून चौकट फाकलेली असते. बाबांची फळी मोडली आहे, म्हणजे दोष झडपेतच आहे. मागच्या पाकळीची दोरी तुटणे हा प्रकार शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्यास सर्वांत अनुकूल असतो: सैल भाग काढतात किंवा नव्या दोऱ्या लावतात, वर आधाराची कडी शिवतात आणि स्वतःचीच झडप कायम राहते.

क्लिपची कल्पनाही शस्त्रक्रियेतूनच निघाली. ओत्ताव्हियो अल्फिएरी या इटालियन शल्यविशारदांनी १९९१ मध्ये दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध टाक्याने जोडल्या. तेच काम क्लिप जांघेतल्या शिरेतून, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा भेदून करते. त्यासाठी छाती उघडावी लागत नाही, हा मोठा लाभ आहे. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, वर्षभरात झडपेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण क्लिपच्या गटात २० टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २ टक्के होते. शिवाय क्लिप अपुरी ठरली तर नंतर दुरुस्ती अवघड होते आणि बहुधा झडपच बदलावी लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा धोका फार असलेल्या रुग्णाला मी क्लिप सुचवेन, बाबांसारख्या धडधाकट माणसाला नाही.

वेंगुर्ले_बंदर:
माझ्या आईला क्लिप बसवली आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तिचे हृदय पसरले आणि त्यामुळे झडप गळू लागली. वरच्या उदाहरणात सांगायचे तर तिची चौकट फाकली होती. अशा रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकीत दोन वर्षांतले मृत्यूचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत ४६ टक्के, तर क्लिपसह औषधे घेणाऱ्यांत २९ टक्के होते. दुसरीत मात्र फरक दिसला नाही. म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी आधी औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली आणि त्यानंतरच क्लिपचा निर्णय घेतला. आई आता तुळशीला पाणी घालते, देवळापर्यंत चालत जाते. मामेभावाने सांगितलेले खोटे नाही, फक्त ते वेगळ्या रुग्णाला लागू पडते.

कुडाळहून_एक_रुग्ण:
लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या सांध्यांच्या तापाने माझी झडप गळकी आणि अरुंदही झाली होती. त्यामुळे क्लिपचा प्रश्नच आला नाही आणि यांत्रिक झडप बसवावी लागली. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) २.५ ते ३.५ च्या दरम्यान राखावा लागतो, आणि पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला हे सारे खाताना प्रमाण सारखे ठेवावे लागते. तुमच्या शल्यविशारदांना एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: टेबलावर दुरुस्ती जमली नाही, तर कोणती झडप बसवणार? बागेत कोयता वापरणाऱ्या माणसाला रक्त पातळ ठेवणे जिकिरीचे असते. जैविक झडपेला ती गोळी सहसा कायम लागत नाही, पण ती गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनते आणि साधारण १०-१५ वर्षांनी झिजते. काही घरांत यावर ऐन वेळी वाद होतो, म्हणून बाबांशी आताच बोला. दातही तपासून घ्या, कारण तिथला जंतुसंसर्ग झडपेपर्यंत पोचू शकतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया बसते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

देवगडची_कलमे:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. उघाडीचे उदाहरण बाबांना वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग, छातीचे हाड जुळायला किती दिवस लागतात, एवढेच त्यांनी विचारले.

रत्नागिरीचा_भूलतज्ज्ञ:
साधारण ६ ते ८ आठवडे, आणि तोवर जड उचलणे नाही. कलमावर चढणे तर या हंगामात पूर्ण बंद. अन्ननलिकेतून करायचा इको आणि अँजिओग्राफी या आठवड्यात उरकून घ्या. तारीख त्यानंतर लगेच ठरेल.

देवगडची_कलमे:
सोमवारी कोल्हापूरला जात आहोत. या वर्षीची तोड चुलतभाऊ पाहणार आहे.