नोकरी लागायच्या आधी शिकवलंत का? अनुभव सांगा

डी.एल.एड., बी.एड. असे शिक्षकीचे कोर्स करताना, किंवा टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीची वाट बघताना, आपल्यातले कितीतरी जण गावातल्या पोरांना ओसरीवर बसवतात. फुकट. काय जमलं, काय फसलं ते लिहा. भाषण नको. सुरुवात मीच करतो.

पांढरकवड्याकडचा
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. समाजमंदिरात संध्याकाळी सहाला वर्ग. गणपतीपर्यंत बावीस पोट्टे, दिवाळीनंतर तीन. घरोघरी विचारत फिरलो तर एक काकू कापसाचं गाठोडं उतरवत म्हणाल्या, "मास्तर, कापूस नाई येचला तं वही कोठून आनू?" तेव्हापासून वर्ग जेवणं झाल्यावर, आठला.

तिथंच माझी फजिती झाली. पाचवीतला एक जण वेचलेल्या किलोंवरून आईची आठवड्याची मजुरी तोंडी सांगायचा, मी मोबाईल काढेपर्यंत. कागदावर मात्र दोन अंकी गुणाकार चुकायचा. मग उलटं केलं. तो डोक्यात कसा हिशेब करतो ते बोलायचा, मी फळ्यावर उतरवायचो. "दहा-दहाचे गठ्ठे करतो, उरलेलं मागून जोडतो." पाठ टाचणात हे कुठं होतं? पौषात तो स्वतःच खडू मागायला लागला.

धारणी, मेळघाट
बाराखडी घेत होते. फळ्यावर 'डा' लिहिलं, मोठ्यानं वाचलं. अख्ख्या पहिलीनं माठाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, तहान लागली. दोन पोरांना पाणीही पाजलं! कोरकूत, म्हणजे पोरांच्या घरच्या भाषेत, पाण्याला 'डा' म्हणतात, हे सुट्टीत अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'डा'शेजारी माठ काढला. 'डा' कोणी विसरलं नाही. बाकीचे शब्द मी अजून त्यांच्याकडूनच गोळा करतेय. वही निम्मी भरली.

वाशीम
आठवीच्या चार मुलींची एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घेतली. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. बुद्धिमत्ता चाचणी पाच महिने घोटून घेतली, उत्पन्नाच्या दाखल्याचं कोणाच्या डोक्यातच नाही. एकीचा फॉर्म राहिला. चूक माझी. आता जूनमध्ये पुस्तकाआधी दाखले.

ब्रह्मपुरी
वरचं वाचून लिहू की नको असं झालं. मी चार महिन्यांत सोडलं. टीईटीचा अभ्यास होत नव्हता, घरचेही बोलत होते. पोरांना काही सांगितलं नाही, नुसतं जाणं बंद केलं. तिसरीतली एक बाजारात भेटली की विचारते, "मॅडम, पुढचा धडा कवा घेता?" मी भाजी निवडत बसते.

नागभीड
ब्रह्मपुरीच्या ताई, गाव कोणतं? मी जवळच आहे, रविवार मोकळा असतो. पहिल्या दिवशी मात्र तुम्ही सोबत या. काऊन बंद केलं ते पोरांना तुम्हीच सांगा.