सेंट आयव्हजमधल्या रोजच्या कलेवर कॉर्निशमध्ये काय लिहू?

अंबाजोगाईकर:
मंडळी, मी ऑनलाइन कॉर्निश शिकतोय. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची ही भाषा, वेल्श-ब्रेटनच्या कुळातली. मोडीत निघालेली, पण १९०४ साली हेन्री जेनर यांनी शिकण्यासाठी पुस्तक काढलं तेव्हापासून पुन्हा उभी राहिलेली. गृहपाठ असा, की तिथल्या समुद्रकाठच्या सेंट आयव्हज गावातल्या रोजच्या कलेवर चार वाक्यं लिहा. १९९३ पासूनची टेट गॅलरी, शिल्पकार बार्बरा हेपवर्थचा स्टुडिओ, हे सगळं वाचलं. पण दालनातलं नको, साध्या माणसाच्या हातचं सांगा. आमच्याकडं मोठं पाणी म्हणजे मांजरा धरण, बंदराचं मला काही कळत नाही.

परभणीचा चित्रकला शिक्षक:
मग आल्फ्रेड वॉलिसवरच लिहा. तरुणपणी मासेमारी आणि जहाजांवरचं काम, नंतर बंदरात भंगाराचं दुकान. बायको १९२२ साली गेली. एकटेपण खायला उठलं म्हणून सत्तरीच्या आसपास रंगवायला बसला. कॅनव्हास नाही, खोक्यांचे फाटके पुठ्ठे. रंग घराला-होडीला द्यायचे तेच.
मी वर्गात त्याची चित्रं दाखवतो तेव्हा पोरांना आधी पुठ्ठ्याची कड बघायला लावतो. कोपरा तिरका कापलेला असला, तर तो सरळ करायच्या भानगडीत वॉलिस पडत नाही; जहाज त्या कोपऱ्यातच बसवतो. कुठं पुठ्ठा तसाच उघडा सोडतो, तोच त्याचा तपकिरी रंग. जे महत्त्वाचं ते मोठं, त्यामुळं गलबत घरांपेक्षा थोर दिसतं. आपल्याकडं पोळ्याला शिंग जसं वळलंय तसा रंग वळवतात, तीच ही नजर, असं मला मनापासून वाटतं. टेबलावरसुद्धा रंगवायचा तो.
१९२८ साली बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे चित्रकार त्याच्या उघड्या दारावरून चालले होते. भिंतीवर खिळे ठोकून लावलेली चित्रं दिसली, आणि दोघांच्या कामाची दिशाच बदलली. वॉलिसच्या पदरात मात्र फार काही पडलं नाही. १९४२ साली तो मॅड्रनच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमात वारला. याचा मला आजही राग येतो.

नांदेडची कुंभारकाम शिकणारी:
सरांच्या उत्तरात भर घालते. त्याच्या कबरीवरच्या फरशा कुंभारकाम करणाऱ्या बर्नार्ड लीचने केल्यात. दीपगृहाच्या दारातून आत जाणारा छोटा माणूस आहे त्यावर. लीचने हामादा शोजी या जपानी कुंभारासोबत १९२० साली तिथं भट्टी उभारली. रोज वापरायचे मग-वाडगे तिथं बनायचे. एक वाक्य भांड्यांवरही टाका.

अंबाजोगाईकर:
लई उपकार झाले, सर आणि ताई. सुरुवात केली: ‘इमा गोरहेल वॉर अन मोर’, म्हणजे समुद्रावर एक जहाज आहे. दुसरं वाक्य पुठ्ठ्याचं. सर, रंग कोणकोणते लिहू?

परभणीचा चित्रकला शिक्षक:
काळा, पांढरा, हिरवा, तपकिरी. एवढ्यावरच भागवायचा तो बहुतेक वेळा.