मदत हवी आहे: सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, मग सूर्यास्त त्याआधीच पुढे का सरकू लागतो?

पृथ्वीच्या गतींवर शाळेतल्या मुलांसाठी लेख लिहितो आहे. परिवलन, परिभ्रमण, आसाचा कल, ऋतू इथपर्यंत सगळे नीट जमले. डिसेंबरपाशी येऊन अडलो, म्हणून हा धागा.

उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की त्या दिवशी सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा उगवत असणार आणि सर्वांत लवकर मावळत असणार. प्रत्यक्षात ४० अंश उत्तर अक्षांशाचे उदयास्ताचे तक्ते पाहिले, तर सर्वांत लवकरचा सूर्यास्त ७ डिसेंबरच्या सुमारास येतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय ४ जानेवारीच्या सुमारास. म्हणजे मध्ये जवळपास चार आठवडे असे आहेत की संध्याकाळ लांबते आहे आणि तरीही सकाळ उशिराच होत चालली आहे.

वातावरणातल्या अपवर्तनामुळे सूर्य क्षितिजावर सुमारे अर्धा अंश उचललेला दिसतो, हे माहीत आहे. पण त्याने सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे दिवस सारखाच वाढतो, तेव्हा ते कारण नसावे. कारण आसाच्या कलात आहे की पृथ्वीच्या कमी-जास्त होणाऱ्या वेगात? दोन्हींत असेल तर वाटा कुणाचा मोठा? आणि हे सूत्रांशिवाय मुलांना दाखवायचे कसे?

ही गोष्ट लेखातून वगळता आली असती. पण जे मूल स्वतः वहीत वेळा टिपून ठेवेल त्याला ती दिसणारच, आणि अशा मुलाला उत्तर मिळालेच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद

प्रमाणवेळेमुळे होत असेल. घड्याळ एका ठरावीक रेखावृत्ताची वेळ दाखवते. आपण त्याच्या पश्चिमेला असू तर दर अंशाला ४ मिनिटे याप्रमाणे सूर्य उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो.

धागाकर्ता

आभार. पण हा फरक वर्षभर तेवढाच राहतो ना? रेखावृत्तापासून ५ अंश पश्चिमेला असलेल्या ठिकाणी रोजच २० मिनिटांचा उशीर होईल. त्याने सगळे तक्ते सरसकट पुढे जातील, सर्वांत लवकरच्या सूर्यास्ताची तारीख मात्र बदलणार नाही.

प्रतिसाद

बरोबर. उत्तर मध्यान्हात आहे. सूर्योदय आणि सूर्यास्त वेगवेगळे न पाहता त्यांचा मध्यबिंदू पाहा. सूर्य माथ्याच्या रेषेवर, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येण्याची वेळ घड्याळात रोज एकच नसते. डिसेंबरच्या उत्तरार्धात ती रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे जाते.

तुमच्याच ४० अंशांवर हिशेब करू. ११ ते २१ डिसेंबर या काळात दिवस जेमतेम ३ मिनिटांनी लहान होतो, कारण अयनदिनाजवळ, म्हणजे सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या दिवसाजवळ, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) फारशी बदलतच नाही. यामुळे सूर्योदय दीड मिनिट पुढे जायला हवा आणि सूर्यास्त दीड मिनिट मागे यायला हवा. पण याच दहा दिवसांत मध्यान्ह पावणेपाच मिनिटांच्या आसपास पुढे सरकतो आणि दोन्ही वेळांना आपल्याबरोबर ओढून नेतो. परिणामी सूर्यास्त सुमारे ३ मिनिटे उशिरा होतो, सूर्योदय ६ मिनिटांहून थोडा जास्त. दिवस अजून लहान होत असताना संध्याकाळ लांबते ती अशी.

प्रतिसाद

मध्यान्ह का सरकतो, ते मी लिहिते. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीचे परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. तेवढ्या वेळात पृथ्वी कक्षेत जवळपास एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेवर यायला आणखी थोडे फिरावे लागते. या जादा फिरण्याला सरासरीने ३ मिनिटे ५६ सेकंद लागतात आणि २४ तास पुरे होतात. हा जादा वेळ मात्र रोज सारखा नसतो. त्याची कारणे दोन.

पहिले कारण कलाचे, आणि तेच मोठे. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य ज्या वाटेने सरकताना दिसतो ती वाट विषुववृत्ताशी २३.४४ अंशांचा कोन करते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य विषुववृत्त तिरका ओलांडतो, तेव्हा त्याच्या चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण दिशेत खर्च होतो. डिसेंबर आणि जूनमध्ये चाल पूर्णपणे पूर्वेकडे असते. शिवाय तो त्या वेळी मकरवृत्ताच्या किंवा कर्कवृत्ताच्या वर असतो, जिथे रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ आलेली असतात. एक अंश रेखांशाचे अंतर विषुववृत्तावर १११ किमी, तर कर्कवृत्तावर सुमारे १०२ किमी. चाल तेवढीच राहूनही ओलांडलेले रेखांश जास्त होतात. अयनदिनी यामुळे त्या जादा वेळात सुमारे २१ सेकंदांची भर पडते.

दुसरे कारण कक्षेचे. केप्लरने १६०९ मध्ये मांडल्याप्रमाणे सूर्याच्या जवळ असताना पृथ्वी वेगाने जाते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४.७१ कोटी किमीवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी किमीवर. डिसेंबरच्या अखेरीस या वेगामुळे आणखी ८-९ सेकंद वाढतात. दोन्ही मिळून रोजचे सुमारे ३० सेकंद.

मुलांना पहिले कारण पृथ्वीगोलावर हाताने करून दाखवता येते. एक दोरा गोलाभोवती असा गुंडाळा की तो एका बाजूला कर्कवृत्ताला आणि समोरच्या बाजूला मकरवृत्ताला नुसता टेकेल. त्यावर समान अंतरावर १२ खुणा करा, पैकी एक बरोबर विषुववृत्त ओलांडते तिथे. आता प्रत्येक तुकड्याखाली किती रेखांश येतात ते मोजायला सांगा. विषुववृत्तालगतच्या तुकड्याखाली सुमारे २८ अंश येतील, कर्कवृत्तालगतच्या तुकड्याखाली सुमारे ३२. एकही सूत्र लागत नाही.

धागाकर्ता

दोऱ्याचा प्रयोग लेखात नक्की घेणार, मनापासून धन्यवाद. यावरून तीन प्रश्न पडले. जूनमध्येही असेच होते का? दक्षिण गोलार्धात काय दिसते? आणि विषुववृत्तावर, जिथे दिवसाची लांबी बदलतच नाही, तिथे?

प्रतिसाद

जूनमध्ये कलाची भर तशीच असते, पण पृथ्वी तेव्हा सूर्यापासून लांब आणि संथ असल्यामुळे वेगाचा परिणाम उलटा होतो. रोजची भर १३ सेकंदांच्या आसपास उरते. म्हणून ४० अंश उत्तरेला सर्वांत लवकरचा सूर्योदय १४ जूनच्या आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त २७ जूनच्या सुमारास असतो. डिसेंबरमधल्या अंतराच्या निम्मेच.

मध्यान्हाचे सरकणे साऱ्या पृथ्वीवर एकच असते. दक्षिणेला ऋतू उलटे असले तरी मोठी तफावत डिसेंबरमध्येच दिसते. फक्त तिथे ती सर्वांत लवकरच्या सूर्योदयात आणि सर्वांत उशिराच्या सूर्यास्तात दिसते.

अक्षांश कमी तसे दिवसाच्या लांबीतले बदल कमी, म्हणून मध्यान्हाचा वरचष्मा जास्त. २० अंश उत्तरेला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच येऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. विषुववृत्तावर दिवस बारमाही १२ तास ७ मिनिटांच्या आसपास असतो. तरीही सूर्योदयाची वेळ वर्षभरात अर्ध्या तासाच्या पट्ट्यात हलते, आणि ते सगळे निव्वळ मध्यान्हामुळे.

प्रतिसाद

मुलांकडून हे मोजून घ्यायचे असेल तर ३ नोव्हेंबर ते ११ फेब्रुवारी हा काळ घ्या. सुरुवातीला मध्यान्ह सरासरीच्या १६ मिनिटे आधी येतो, शेवटी १४ मिनिटे नंतर. अर्ध्या तासाचा फरक साध्या घड्याळावरही चुकत नाही. फक्त सर्वांत छोटी सावली कधी पडली ते बघत बसू नका, कारण मध्यान्हाच्या आसपास तिची लांबी जवळजवळ स्थिर असते आणि नेमका क्षण हाती लागत नाही. सपाट जागी काठी सरळ उभी करा, तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते ती वेळ आणि दुपारनंतर बाहेर पडते ती वेळ टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाचा मध्यान्ह.