मॅन पेजेसचा (लिनक्स कमांडच्या मदतपानांचा) ऑफलाइन सर्च इंडेक्स कसा बांधावा? सल्ला हवाय

लॅबवाला_दादा:
नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सगळीकडे डेबियन लिनक्स आहे आणि प्रॅक्टिकल परीक्षेला नेट बंद असतं. पोरांना काम काय करायचंय ते माहीत असतं, कमांडचं नाव आठवत नाही. परवा एकीला कुठली डिरेक्टरी किती जागा खातेय ते बघायचं होतं, तिने मॅन -के (फक्त नाव आणि एका ओळीच्या वर्णनात शोधणारी कमांड) लावून 'डिरेक्टरी' शोधलं तर ढीगभर नावं आली पण त्यात डीयू (जागा मोजणारी कमांड) नाहीच, कारण त्याच्या एका ओळीच्या वर्णनात 'एस्टिमेट फाइल स्पेस यूसेज' एवढंच आहे. आतल्या मजकुरातही शोधता यायला हवं. कुणी केलंय का?

सह्याद्री७७:
मॅन -के मधला के कॅपिटल करून चालवून बघा, तो पूर्ण पेज शोधतो. पण दरवेळी प्रत्येक पेज उघडून बघतो त्यामुळे हळू, परीक्षेत पोरं वैतागतील.

निळी_शाई:
दादा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस5 (मजकुरात शोधायची सोय) वापरा, मी ऑफिसात हेच केलंय. एकच फाइल होते, ती सगळ्या मशीनवर कॉपी करायची, सर्व्हर लागत नाही. नाव, सेक्शन, वर्णन, मजकूर असे चार कॉलम ठेवा, आणि सेक्शन (मॅन पेजेसचा क्रमांकाचा विभाग) विसरू नका, कारण प्रिंटएफ 1 मध्ये कमांड आहे आणि 3 मध्ये सीचं फंक्शन. टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) पोर्टर घ्या म्हणजे 'डिरेक्टरी' शोधलं तरी 'डिरेक्टरीज' सापडतं, तुमचं डीयू तिथेच मिळेल, त्याच्या मजकुरात अनेकवचन आहे.

माझे दोन दिवस गेले ते मजकूर काढण्यात. मॅन ओळीच्या शेवटी शब्द तोडतो, 'रिकर-' वर आणि 'सिव्हली' खाली, मग इंडेक्समध्ये दोन्ही अर्धवट जातात. म्हणून नो-हायफनेशन पर्याय द्याच, आणि लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) सी ठेवा, नाहीतर काही पेजेसमध्ये साध्या डॅशच्या जागी युनिकोडचा हायफन येतो, दिसायला तोच पण शोधायला गेलं की सापडत नाही.

लॅबवाला_दादा:
बाप रे, हे मला कधीच कळलं नसतं. आणि डॅशडॅश एक्सक्लूड असा कमांडचा पर्याय शोधायचा असेल तर?

निळी_शाई:
टोकनायझर डॅश सोडून देतो, त्यामुळे त्याच्या टोकनचार्स सेटिंगमध्ये डॅश आणि अंडरस्कोर घाला, आणि शोधताना शब्द डबल कोट्समध्ये, नाहीतर सिंटॅक्स एरर. निकालांचा क्रम लावणाऱ्या बीएम25 मध्ये नावाच्या कॉलमला जास्त वजन द्या.

मॅनडॉकप्रेमी:
ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांचा मॅनडॉक हा मॅन पेजेसचा प्रोग्रामही बघून ठेवा, त्याची एपरोपॉस ही शोधायची कमांड फक्त फ्लॅग किंवा फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असं शोधू शकते. पण ते एमडॉक या मांडणीच्या भाषेत लिहिलेल्या पेजेसनाच, लिनक्सची बरीचशी जुन्या मॅन मॅक्रोजमध्ये आहेत, तिथे तेवढा फायदा नाही.

लॅबवाला_दादा:
निळी_शाई, मनापासून आभार. काल रात्री बसून केलं. डीयू आलं पण खूप खाली, सेक्शन 1 आणि 8 (कमांडचे) एवढेच ठेवले तेव्हा पहिल्या पानावर आलं. सोमवारी पोरांच्या हातात देतो, त्यांनी काय काय शोधलं ते इथेच टाकेन.