उभी असली की गळते, चालवली की कोरडी! टीएच ३५० चं कोडं

लालडबकं:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय. गाडी १९७२ ची शेव्रोले नोव्हा, ३५० व्ही-एट इंजिन, मागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो हायड्रामॅटिक ३५० (टीएच ३५०). चालायला काही तक्रार नाही, गिअर घसरत नाही, झटका नाही, रिव्हर्सही लगेच पडतो. रविवारी तासभर फिरवून आणली, खाली पुठ्ठा सरकवला, सकाळी बघतो तर पुठ्ठा कोरडा, म्हटलं चला सुटलो. मग आठवडाभर हात लावला नाही आणि शनिवारी पुठ्ठ्यावर ताटलीएवढं लाल डबकं, वर पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पत्र्याचं तबक) मागच्या डाव्या कोपऱ्याला एक थेंब लोंबतोय.

पॅनचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, दोनदा बदललं. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं आणि बोल्ट मनगट दुखेपर्यंत आवळले, तरी येरे माझ्या मागल्या. एका मेकॅनिकने खाली न वाकताच सांगितलं की फ्रंट सील (गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाचं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवा. उतरवायचाच तर उतरवू, पण आधी खात्री कशी करायची? आणि चालवल्यावर गळत नाही नि उभी ठेवली की गळते हे कसलं नाटक?

हायवेपंखा:
सील फुगवायचं लिक्विड मिळतं ना बाटलीत, ते ओता आणि विसरा. माझं दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं.

तेरानंबरपाना:
बाटली आत्ता नको, सांगतो का ते. तुम्ही ज्याला नाटक म्हणताय तेच तुमचं उत्तर आहे. लीक शोधताना आपण सगळे थेंब कुठे पडतो ते बघतो, पण थेंब लबाड असतो, वरून कुठूनतरी निघतो, केसच्या अंगावरून ओघळतो, पॅनच्या कडेने फिरतो आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात येऊन लोंबतो. गाडी कधी गळते ते आधी बघायचं.

इंजिन चालू असताना पंप पॅनमधलं ऑइल उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, ऑइलने जोर पोचवणारा डबा) आणि बाकी सगळीकडे फिरवत असतो, त्यामुळे पॅनमधली लेव्हल खाली असते. इंजिन बंद केलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू मागे झिरपून पॅनमध्ये उतरतं, एका रात्रीत थोडं, आठवड्याभरात बरंच. जुन्या गिअरबॉक्समध्ये बुशिंग (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) वगैरे झिजलेली असतात म्हणून जरा जास्तच. मग पॅनमधली लेव्हल गॅस्केटच्या वर चढते आणि एरवी कोरडी राहणारी सीलं ऑइलमध्ये बुडतात. तुमची गाडी आठवड्याने गळते ती यामुळे.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या शनिवारी स्टार्टर मारायच्या आधी डिपस्टिक काढून बघा. फुलच्या खुणेच्या बरंच वर ऑइल दिसलं तर समजा कन्व्हर्टर उतरतोय. घाबरून ऑइल काढून टाकू नका हां, ती खोटी लेव्हल. खरी लेव्हल गाडी चांगली फिरवून गरम केल्यावर, सपाट जागेवर, पार्कमध्ये, इंजिन आयडलवर चालू ठेवून बघायची. (हे जीएमच्या, म्हणजे शेव्रोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या बॉक्सचं. क्रायसलरचा जुना टॉर्कफ्लाइट असेल तर न्यूट्रलमध्ये बघतात, त्यावरून लोकांची भांडणं झालेली पाहिलीत.)

लालडबकं:
अरे बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे फ्रंट सील नाही?

तेरानंबरपाना:
नाहीच असं छातीठोक नाही म्हणत. फ्रंट सील गेलं तर ते मुख्यतः इंजिन चालू असताना गळतं, कन्व्हर्टर फिरतो आणि ऑइल भोवती उडवतो. क्वचित उभ्या गाडीतही झिरपतं, पण मग ओल बेलहाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीचं घंटेसारखं आवरण) तळातून, पॅनच्या पुढच्या बाजूला यायला हवी. कन्व्हर्टरखालचं पातळ पत्र्याचं झाकण काढा, टॉर्च मारा. आत चिकचिक आणि गोल गोल उडालेले फराटे असतील तर मेकॅनिक बरोबर. आत धूळ कोरडी असेल तर गिअरबॉक्स उतरवायचं नावही काढू नका.

ग्रीसदादा:
एक भर घालतो. बेलहाउसिंग ओलं दिसलं तरी ते ऑइल कोणतं ते आधी बघा! शेव्रोलेच्या छोट्या व्ही-एटला व्हॉल्व्ह कव्हर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेने गळायची खोड आहे, ते इंजिनच्या पाठीवरून थेट बेलहाउसिंगवर येतं आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब घ्या, इंजिन ऑइल काळपट-तपकिरी, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लाल किंवा गुलाबी. जुनं एटीएफ मात्र तपकिरी होतं तेव्हा रंग फसवतो, अशा वेळी एटीएफमध्ये टाकायचा यूव्ही डाय (टॉर्चखाली चमकणारा रंग) आणि निळी टॉर्च हाच खात्रीचा मार्ग.

तुमचा थेंब लाल आहे आणि मागे आहे, पण पुढे असता तर पॉवर स्टीअरिंगचाही संशय घेतला असता, कारण तिथेही खूप जण एटीएफच ओततात. मी स्वतः एकदा ट्रान्समिशनचं गॅस्केट बदलून मोकळा झालो होतो, गळत होती स्टीअरिंगची होज.

तेरानंबरपाना:
आता तुमचा डावा कोपरा. या बॉक्सच्या डाव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, गिअर सिलेक्टरचा शाफ्ट केसमधून बाहेर येतो, त्याचं छोटं सील. त्याच बाजूला मागे गव्हर्नरचं (वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग) गोल झाकण, तारेच्या क्लिपने धरलेलं, आणि आणखी मागे टेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सचं शेपटाकडचं आवरण) स्पीडोमीटर गिअरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. उजव्या अंगाला डिपस्टिकच्या नळीचं सील, किकडाउन केबलची (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) ओ-रिंग, कूलर लाइन आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर गिअरबॉक्सचा दाब ठरवणारी डबी). उभ्या गाडीत, डावीकडे, पॅनच्या मागे... माझा पहिला संशय सिलेक्टर शाफ्टच्या सीलवर, कारण ते पॅनच्या कडेपासून फार वर नाही, लेव्हल चढली की बुडलंच.

आधी सगळं धुऊन घ्या. ब्रेक क्लीनर, जुना टूथब्रश, फडकं, आणि हे सगळं गाडी थंड असताना, गरम सायलेन्सरवर ब्रेक क्लीनर मारायचं धाडस नको. जॅकवर भिस्त ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. वाळल्यावर सगळ्या सांध्यांवर पायाला लावायची स्प्रेवाली पावडर मारा, पांढरा थर बसेल, मग चार दिवस हात लावू नका. जिथून ऑइल निघेल तिथून लाल वाट उमटलेली दिसेल.

आणि सील फुगवायच्या बाटलीबद्दल. वाळलेलं रबर थोडं मऊ होऊन काही दिवस थांबतंही, पण सील फाटलं असेल किंवा मागे बुशिंग झिजलं असेल तर ती काहीच करत नाही, आणि मुख्य म्हणजे तपास अर्धवट राहतो. आधी शोधा, मग ओतायचं तर ओता.

पत्र्यावरचाहात:
पॅनवर माझं बोलायचंच होतं. मनगट दुखेपर्यंत आवळले हे वाचून कळवळलो. पॅनला १३ बोल्ट आहेत, त्यांना साधारण १५ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे आखूड पान्याने बोटांच्या जोरावर होतं तेवढंच. जास्त आवळलं की पत्रा बोल्टच्या भोकापाशी आत दबतो, दोन बोल्टांच्या मधे फुगवटा येतो आणि नेमकं तिथूनच झिरपतं, मग माणूस आणखी आवळतो. पॅन उतरवा, काचेवर उलटा ठेवा, डुलतो का बघा. भोकांच्या कडा लाकडाच्या ठोकळ्यावर धरून हलक्या हातोडीने सपाट करा. सिलिकॉन खरवडून काढा, आतल्या बाजूला आलेला त्याचा तुकडा सुटला तर फिल्टरमध्ये जाऊन बसेल. गॅस्केट कोरडंच लावा. आणि मूळ पॅनला ड्रेन प्लग नसतो हे लक्षात असू द्या, मागचे बोल्ट आधी ढिले करून एका कडेने ओता, नाहीतर तीनेक लिटर एटीएफने आंघोळ ठरलेली, मला अनुभव आहे.

हायवेपंखा:
ठीक आहे, बाटली मागे घेतो :) पण एक विचारतो, माझं ऑइल कमी होतं आणि खाली एक थेंबही नाही, ते कसं?

ग्रीसदादा:
तुझाही टीएच ३५० च असेल तर व्हॅक्यूम मॉड्युलेटर बघ. त्यातला पडदा फाटला की इंजिनचा व्हॅक्यूम त्या बारीक नळीतून एटीएफ ओढून घेतो आणि जाळतो, म्हणून बाहेर काही दिसत नाही, फक्त धूर पांढरट आणि वासाचा. मॉड्युलेटरवरची रबरी नळी ओढून काढ, आतून एटीएफने ओली असेल तर मॉड्युलेटर बदल, काम सोपं आहे, एक बोल्ट नि एक क्लॅम्प. नळी कोरडी असेल तर मग दुसरीकडे शोधू.

लालडबकं:
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. शनिवारी सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल फुलच्या खुणेच्या जवळजवळ दोन बोटं वर! फिरवून आणून गरम असताना बघितली तर बरोबर खुणेवर. पुढचं झाकण काढलं, आत नुसती धूळ आणि एक वाळलेला कोळी. मग धुतलं, पावडर मारली. चौथ्या दिवशी सिलेक्टर शाफ्टच्या खालून पांढऱ्यावर पेन्सिलीने ओढावी तशी एक लाल रेघ, ती थेट पॅनच्या कडेवर, तिथून मागच्या कोपऱ्यात. गॅस्केट बिचारं निर्दोष होतं, पत्रा मात्र सहा ठिकाणी मीच दाबून ठेवला होता.

नाहीतरी पॅन उतरवलाच होता, मग शाफ्टचं सीलही केलं. लिव्हर काढला, जुनं सील इतकं कडक झालेलं की स्क्रूड्रायव्हर लावल्यावर बिस्किटासारखं तुटलं. शाफ्टवरच्या चऱ्यांनी नवं सील बसवताना फाटू नये म्हणून बराच वेळ सँडपेपरने पॉलिश करत बसलो. पॅन सपाट केला, गॅस्केट कोरडं. गाडी आज दहा दिवस जागेवर उभी आहे, पुठ्ठा स्वच्छ.

फक्त टेलहाउसिंगवर स्पीडोमीटर केबलपाशी आता जरा ओल दिसतेय, पण त्या ओ-रिंगचं माप कोणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या रविवारी तेच.