शब्दचर्चा : सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या रचनेला काय म्हणावं?

सिनेमा सुरू होताना नावं येतात, त्या खास रचलेल्या भागासाठी मराठी शब्द हवा आहे. 'श्रेयनामावली' रुळलेला आहे, पण तो फक्त यादीचा अर्थ देतो. शेवटी काळ्या पडद्यावर सरकत जाते तीही श्रेयनामावलीच. अक्षरं, चित्रं, संगीत आणि गती मिळून सुरुवातीलाच जी वेगळी कलाकृती उभी राहते, तिला काय म्हणाल?

—

'शीर्षकमालिका' सुचतो, पण मालिका म्हटलं की टीव्हीवरची मालिकाच आठवते. बोलताना आपण सरळ 'टायटल्स' म्हणतो.

—

यादी आणि रचना यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. एके काळी नावांकडे यादी म्हणूनच पाहिलं जाई. थिएटरात पडदा उघडण्याआधी, बंद पडद्यावरच ती दाखवून टाकत. अमेरिकन ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी काळ्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या योजल्या आणि त्यांतून शेवटी एक वाकडातिकडा हात घडवला. सिनेमा अमली पदार्थाच्या व्यसनाचा, त्यामुळे त्या हाताला अर्थ होता. रिळांसोबत सूचना गेली, की पडदा उघडल्यावरच नावं दाखवा! १९५९च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये तर त्यांनी तिरक्या रेषांचं जाळं विणलं. नावं त्या रेषांना धरून वरखाली सरकतात आणि बघता बघता त्याच जाळ्याची काचेची उंच इमारत होते. रेषा काढून टाकल्या तर उरेल ती नुसती यादी. म्हणून शब्दात 'नामावली' नकोच, असं मला वाटतं.

—

मग 'नांदी' का नको? नाटकाच्या आरंभीची नांदी सगळ्यांना माहीत आहे.

—

नांदी कथेच्या बाहेर असते, ते मंगलाचरण आहे. संस्कृत नाटकात नांदीनंतर सूत्रधार येतो, कवीचं आणि नाटकाचं नाव सांगतो आणि बोलता बोलता प्रेक्षकाला कथेत नेऊन सोडतो. त्या भागाला 'आमुख' किंवा 'प्रस्तावना' म्हणतात. 'शाकुंतला'त नटीचं गाणं संपतं आणि त्याचाच धागा धरून सूत्रधार दुष्यंताला रंगमंचावर आणतो. नावं सांगणं आणि कथेचं दार उघडणं, ही दोन्ही कामं एकाच जागी! शीर्षकं रचणारे डिझायनर काइल कूपर यांनी 'सेव्हन' या खुनांच्या तपासावरच्या सिनेमासाठी (१९९५) नेमकं हेच केलं. हाताने ओरखडल्यासारखी थरथरती अक्षरं, मध्येच वह्या शिवणारी बोटं. खुनी पडद्यावर यायच्या कितीतरी आधी त्याचं मन आपल्यासमोर उलगडू लागतं. अर्थाने 'आमुख' चपखल बसतो. अडचण इतकीच, की आज तो पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठी वापरतात, त्यामुळे वाचणारा गोंधळेल.

—

'शीर्षकपट' कसा वाटतो? माहितीपट, लघुपट, अनुबोधपट यांच्या पंगतीत तो सहज बसतो, आणि हा मुळात एक छोटा स्वतंत्र पटच आहे हेही त्यातून कळतं. 'शीर्षकपटाचं संगीत वेगळ्या संगीतकाराने केलं आहे', 'शीर्षकपटातच खुनाची चाहूल लागते' अशी वाक्यं मला तरी कानाला खटकत नाहीत.

—

पटला. 'श्रेयनामावली' यादीसाठी राहू दे, रचनेसाठी 'शीर्षकपट' वापरू. अक्षरांच्या वळणाबद्दल बोलायचं तेव्हा मात्र 'अक्षरांकन' म्हणावं. ते शीर्षकपटाचं एक अंग आहे, सगळा शीर्षकपट नव्हे. माझ्या पुढच्या चित्रपट परीक्षणात हे दोन्ही शब्द वापरून बघतो.